वकिलामार्फत

बाइंडरने कागदाच्या डाव्या बाजूला चार बोटं समास सोडला आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं. एवढा समास पुस्तकाच्या शिवणीला लागतो, पत्राला नाही, हे बायकोने दोनदा सांगून झालं होतं. पण हाताला लागलेलं वळण सुटत नव्हतं.

“‘महोदय, आपली नोटीस मिळाली.’ पुढे काय लिहू?”

“खरं ते लिहा. पैसे घेतले, मशीन आणलं, धंदा बसला, देणं राहिलं.” ती एका वहीच्या पाठीला खळ लावत होती. तिने मान वर केली नाही.

“असं कसं लिहायचं? वकील आहे तो.”

“मग वकिलाला खरं कळत नाही का?”

कटिंग मशीनसाठी घेतलेलं कर्ज महिन्याच्या आत एकरकमी फेडावं, नाहीतर मशीन जप्त करण्यात येईल, असं नोटिशीत होतं. मशीन गेलं की दुकानाला कुलूप लावायचं, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि कर्ज देणारा तरी कोण? सख्खा थोरला भाऊ. राहायला डोक्यावरच, वरच्या मजल्यावर. रजिस्टर पाकिटावर सही घेताना पोस्टमन म्हणाला होता, “वरून खाली यायला याला चार दिवस लागले बघा. जिन्यातून सोडलं असतं तरी पोचलं असतं.”

बाइंडरला हसू आलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्याच जिन्यात दादाने हप्त्याची आठवण केली, तेव्हा तोच फणकारला होता, “यापुढे जे बोलायचं ते वकिलामार्फत बोल!” दादाने शब्द तंतोतंत पाळला. तो लहानपणापासून तसाच. एकदा ठरलं की तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. तेव्हापासून दोघं जिन्यात समोरासमोर आले, की एक जण भिंतीला वाट देत असल्यासारखा बाजूला होई.

वर खोकला सुरू झाला. बायकोच्या हातातला ब्रश थांबला. खोकला ओसरल्यावर तो पुन्हा चालू लागला.

“आठवडा झाला,” ती म्हणाली. “मी विचारायला गेले, तर मोठे भाऊजी अर्धं दार उघडतात आणि ‘बरं आहे’ म्हणतात. तुम्ही जा की.”

“मी कसा जाऊ?”

“पायांनी.”

बाइंडरने कागद पुढे ओढला. मग त्याने लिहिलं, एकरकमी फेड शक्य नाही. दरमहा दोन हजार देईन. मशीन राहू द्यावं, हप्ता त्यावरच निघायचा आहे. सही करण्याआधी त्याने आणखी एक ओळ लिहिली आणि बायकोला न दाखवताच कागदाची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच पत्र घेऊन दादाच्या वकिलाकडे गेला. वकिलाने ते उभ्याउभ्या वाचलं आणि शेवटच्या ओळीशी येऊन थबकला.

“‘आपल्या अशिलाचा खोकला ओला वाटतो. छाती तपासून घ्यावी.’ हे काय आहे?”

“ते... त्यातलंच आहे.”

“अहो, हा कर्जाचा मामला आहे. अशिलाची छाती माझ्याकडे येत नाही. ही ओळ खोडा बघू.”

बाइंडरने पेन घेतलं, ओळीवर टेकवलं. “पत्र तुम्ही त्याच्याकडे देणार?”

“वाचून दाखवणार. बारीक अक्षर दिसत नाही त्यांना आता.”

एका घरात राहून हे बाइंडरला माहीत नव्हतं. त्याने पेनाला टोपण लावलं.

“मग राहू द्या ती ओळ. आणि जरा सावकाश वाचा. भराभर वाचलेलं त्याला चालत नाही.”

वकिलाने चष्म्यावरून पाहिलं. “तुमच्या घरात सगळेच असे का?”

“सगळे कुठले? आम्ही दोघंच उरलोय.”

उत्तर आलं तेही रजिस्टरनेच. बाइंडरने पाकीट बायकोकडे दिलं आणि मशीनच्या चाकावर हात ठेवून उभा राहिला. ती वाचू लागली.

“‘अशिलाच्या सूचनेवरून कळवण्यात येते की, छातीबाबतच्या मजकुराची नोंद घेतली आहे. दरमहा दोन हजारांचा हप्ता अशिलास मान्य नाही.’”

चाकावरची बोटं आवळली.

“वाच पुढे.”

“‘हप्ता दरमहा पाचशेच असावा. तो मनिऑर्डरने अथवा दुसऱ्याच्या हाती न पाठवता, आपण स्वतः अशिलाच्या राहत्या घरी आणून द्यावा. एकरकमी फेड केल्यास ती स्वीकारली जाणार नाही. हप्ते चालू असेतो मशीनला हात लावला जाणार नाही.’”

तिने बोटांवर हिशेब केला, मध्येच चुकली, पुन्हा केला.

“अहो, पाचशेने हे फिटायला सोळा वर्षं लागतील! मोठे भाऊजी आत्ताच बहात्तरचे आहेत.”

“त्याचा हिशेब कधी चुकत नाही,” बाइंडर म्हणाला. त्याने गल्ला उघडून नोटा मोजल्या, खिशात घातल्या आणि खळ लागलेले हात धुऊन आला.

“आज कुठे पहिली तारीख आहे?”

“तारीख लिहिलेली नाही त्यात.”

तो चपला न घालताच दाराबाहेर पडला. चार-पाच पायऱ्या चढल्यावर खालून तिचा आवाज आला.

“आणि पावतीबिवती मागू नका!”