उलटून पाहिलंत का?

मी एक जुनं भिंग आहे. काठाला चरा गेलाय, मूठ कुरकुरते; पण मित्रांनो, माझा चौकसपणा काही कमी झालेला नाही. जिथं तिथं नाक खुपसायची मला भारी हौस!

एका कारखान्यात घासून घासून मला फुगीर केलं, पितळी कड्यात बसवलं आणि माझी रवानगी एका घड्याळजींच्या दुकानात झाली. इवलाली चाकं, केसाएवढ्या स्प्रिंगा. काय काय पाहायला मिळालं! घड्याळजींची एक शिस्त होती. घड्याळ समोरून कितीही झकास दिसो, ते उलटून मागचं झाकण उघडल्याशिवाय मला खाली ठेवायचे नाहीत. लोक म्हणायचे, "यांच्या नजरेतून काही सुटत नाही." नजर माझी, कौतुक त्यांचं!

पुढे त्यांची दृष्टी गेली, दुकान बंद पडलं आणि माझ्या नशिबी अंधारा खण आला. फार वाईट वाटायचं. मग त्यांच्या लेकीनं त्याच जागेत साबण, तेलं, क्रीम विकायला सुरुवात केली. सगळे तिला ताई म्हणतात. डब्यांवरची अक्षरं मुंगीएवढी. तेव्हा कुठं ताईंना माझी आठवण झाली.

आता माझी चैनच होती. मला कळलं, 'नैसर्गिक' हा शब्द आणि हिरवं पान तर कुणीही छापतं. सेंद्रिय मालाच्या खऱ्या शिक्क्यात मात्र तपासणाऱ्या संस्थेचं नाव असतं, आणि ते त्या संस्थेकडे ताडून पाहता येतं.

एकदा एक आई कडेवर बाळ घेऊन आली. बाळाचे गाल लालभडक, सोलवटलेले. "ताई, सारखं रडतं हो. बदामाचं तेल लावलं आणि तोंडच सुजलं. आता काही लावायची भीती वाटते."

ताईंनी एक डबी काढली. मी शिक्का पाहिला. त्यांनी फोनवर ताडूनही पाहिला. सगळं चोख! "सेंद्रिय आहे, बिनधास्त लावा," म्हणत त्यांनी मला खाली ठेवलं. माझा जीव नुसता वरखाली! डबीचा तळ पाहायचा राहिला होता. पण भिंगाला कुठली वाचा?

कोपऱ्यात डुलक्या घेणारे घड्याळजी तेवढ्यात म्हणाले, "उलटून पाहिलंस का गं?"

"अहो बाबा, क्रीम आहे हे, घड्याळ नाही!" ताई हसल्या. तरी त्यांचं मन राखायला डबी उलटली आणि मला तळावर धरलं. घटकांच्या यादीत अगदी वरच होतं बदामाचं तेल. तेही सेंद्रिय!

ताईंचा चेहरा खर्रकन उतरला. आईनं बाळाला घट्ट धरलं. शिक्का खोटा नव्हता, मित्रांनो. बदाम कसे पिकवले ते त्यानं खरंखरं सांगितलं होतं. ते या बाळाला सोसतील का, हे त्याला काय ठाऊक? "आधी डॉक्टरांना दाखवा, मग बघू," ताई हळूच म्हणाल्या.

म्हणून सांगतो, मला मऊ फडक्यानं पुसत जा, खणात कोंडू नका. आणि शिक्का दिसला की लगेच खाली ठेवू नका. माझं अर्धं काम तिथूनच सुरू होतं.

हल्ली ताई प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतात, "उलटून पाहिलंत का?" आणि कोपऱ्यातून घड्याळजी खूश होऊन म्हणतात, "अजून येतात म्हणायची घड्याळं दुरुस्तीला!"