वाचणारीची खुर्ची

लेकीनं घसा खाकरून पुस्तक उघडलं, तशा खोलीतल्या बायकांनी चादरी झटकायच्या थांबवल्या. झटकलं की आवाज होतो. वाचन चालू असताना नुसत्या घड्या घालायच्या, हा इथला शिरस्ता.

खरं तर ती आली होती आईचा चष्मा, एप्रन आणि कामावर घालायच्या सपाता न्यायला. आईला जाऊन महिना होत आला होता, आणि या वस्तू घेऊन उभ्या पावली परतायचं असं तिनं जिना चढताना ठरवलं होतं. पण तिथल्या सर्वांत जुन्या, सगळ्यांच्या मोठ्या मावशीनं तिला दंडाला धरून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं.

"एकदा वाच बाई. कान गंजलेत अगदी."

कारखाना धुलाईचा होता. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी खाली धुतल्या जात, वाळत, इस्त्री होऊन वर येत. वर दोघी दोघी मिळून त्यांच्या घड्या घालायच्या. चार कोपरे धरायचे, एकमेकींकडे चालत यायचं, कोपऱ्याला कोपरा मिळवायचा. एक जण मात्र घड्या घालायची नाही. ती खुर्चीत बसून वाचायची आणि तिच्या वाटणीच्या चादरी बाकीच्या आपसांत वाटून घ्यायच्या. ती एक जण म्हणजे आई. शाळा सातवीतच सुटलेली, पण इथं तिला सगळ्या 'बाई' म्हणत.

आणि बाई वाचायच्या काय, तर लेकीची शाळेची पुस्तकं. ज्या दिवशी ज्या विषयाचा तास नसेल, ते पुस्तक आई डब्याच्या पिशवीत घालून न्यायची. येता-जाता चाळत असेल, असं लेकीला वाटायचं. त्याचं काय व्हायचं ते तिला आज कळत होतं.

"तुझी परीक्षा असली की आमच्या पोटात गोळा," मोठी मावशी म्हणाली. "शेवटच्या परीक्षेला तर आम्ही सगळ्याच पास झालो. मग तू पुस्तकं घेऊन वसतिगृहावर गेलीस आणि आमची शाळा सुटली."

"सुटली कसली? पुन्हा पहिलीपासून बसवलं बाईंनी," दुसरी म्हणाली. ही ठेंगणी होती, आणि तिला सगळ्या 'घंटा' म्हणत, कारण जेवणाची वेळ झाली की सर्वांत आधी तिला कळायचं. "हिला गुणाकार येईना म्हणून आम्ही सगळ्या नापास."

"तुला भागाकार येत होता काय गं? डब्यातलंसुद्धा सारखं वाटता येत नाही तुला."

हसणं ओसरल्यावर मोठी मावशी मुद्द्यावर आली. मुकादम तसा वाईट माणूस नव्हता. वाचन चालू असलं की भांडणं होत नाहीत आणि काम उरकतं, हे त्यालाही पटलेलं होतं. पण वाचणारीच राहिली नाही म्हटल्यावर त्यानं सांगून टाकलं होतं, की उद्यापासून बाईंच्या जागी घड्या घालणारी नवी बाई येईल आणि खुर्ची आज खाली कचेरीत जाईल.

"तू आठवड्यातून एकदा जरी आलीस, तरी आम्हाला म्हणता येईल, वाचणारी आहे म्हणून. तू तर कॉलेजात शिकवतेस. तुझ्यासारखी कुठून मिळणार?"

मनातल्या मनात लेकीनं तास इकडचे तिकडे करायला सुरुवातही केली होती. आईच्या खुर्चीत आपण बसायचं. ही गोष्ट तिला फार रास्त वाटली. खुर्चीच्या हातांवर दोन्ही बाजूंना लाकूड गुळगुळीत झालं होतं. तिनं तिथंच कोपरं टेकवली.

पुस्तक तिचंच जुनं भूगोलाचं होतं, आईनं खुर्चीशी ठेवलेलं. धडा नदीचा होता. डोंगरातली तरुण नदी, मैदानातली प्रौढ नदी, समुद्राजवळची म्हातारी नदी. लेक झरझर वाचत होती, मध्येच थांबून पुस्तकात नसलेलं समजावून सांगत होती. उतार कमी झाला की वेग कमी होतो, वेग कमी झाला की गाळ खाली बसतो.

"नदीला म्हातारपणी गाळ, आपल्याला गुडघे," घंटा पुटपुटली. कुणीतरी तिला "श्श" केलं.

बायका ऐकत होत्या. पाहुणीचं ऐकावं तशा, मान हलवत. पान संपल्यावर मोठी मावशी हळूच म्हणाली, "बाई चित्र दाखवायच्या. आमचे हात गुंतलेले असतात ना."

लेक ओशाळली. उठून ती पुस्तक उघडं धरून जोडीजोडीपाशी फिरली. चादर हातात ताणलेली ठेवूनच बायका माना पुढे करून चित्र बघत होत्या. शेवटी ती कोपऱ्यात गठ्ठे बांधणाऱ्या बाईपाशी आली. शरीरानं काटकुळी, बोलणं जेमतेम. तिला सगळ्या 'सुतळी' म्हणत. ती हातातली गाठ अर्धी सोडून चित्राकडे बघत राहिली. वळणं घेत गेलेली नदी, आणि तिच्यापासून तुटून बाजूला पडलेलं, घोड्याच्या नालासारखं एक वळण. लेक पुस्तक मिटणार, तेवढ्यात सुतळीचं बोट चित्राखालच्या ओळीवर टेकलं.

"ना... ला... कृती," ती म्हणाली. मग एकदम, "सरोवर."

हा शब्द लेकीनं अजून वाचलाच नव्हता.

खोलीत हालचाल थांबली.

"अगं ए," घंटा म्हणाली, "तू कधीपासून?"

सुतळीनं गाठ पूर्ण आवळली आणि मगच तोंड उघडलं. "आधी चादरींवरचे छाप वाचायला शिकवले. दवाखान्यांची नावं. मग हॉटेलांची. मग हे. तुम्ही खाली जेवत असताना बाई आपलं उरकून इथं येऊन बसायच्या."

"आणि आम्हाला पत्ता नाही!"

"सबंध पान यायला लागलं की सांगू म्हणाल्या. आधी सांगितलं तर तू टिंगल करशील म्हणून."

घंटा हातातले कोपरे जुळवायला लागली.

"मग? येतं का पान?" मोठ्या मावशीनं विचारलं.

सुतळी लेकीकडे बघत म्हणाली, "येतं. हळू येतं."

लेकीला एकदम आठवलं. आईनं शेवटच्या आजारात एकदा 'खुर्चीचं बघितलंय मी' असं काहीसं म्हटलं होतं, आणि तापात बरळतेय समजून तिनं आईच्या कपाळावरची ओली घडी बदलली होती. आता तिच्या छातीत एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या. काहीतरी हातचं निसटलं, आणि भर वर्गात आईचं नाव कुणीतरी मोठ्यानं पुकारावं तसा ऊर भरून आला.

तिनं पुस्तक सुतळीच्या हातात दिलं.

"नको, नको. तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुमच्यापुढं मी..."

"मला मावशीबरोबर चादर धरायचीय," लेक म्हणाली. तिनं खरोखरच मोठ्या मावशीसमोरचे दोन कोपरे उचलले. तिथं उभी असलेली घंटा निमूटपणे गठ्ठे बांधायला गेली.

सुतळी खुर्चीपर्यंत गेली, पण बसली नाही. उभ्यानंच, बोट ओळीवर ठेवून, तिनं सुरुवात केली. शब्द एकेक करून यायचा. वाक्य पूर्ण होईपर्यंत चादरीची एक घडी पूर्ण व्हायची.

"अगं, कोपरा! बाईंची लेक ना तू?" मावशी कुजबुजली. लेकीनं कोपरा सरळ केला.

मधल्या एका लांब शब्दाशी सुतळी अडली. पहिली दोन अक्षरं आली, पुढची येईनात. तिनं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडली. लेकीचे ओठ उघडले. समोरून मावशीनं चादरीला हिसका दिला.

"थांब. येईल तिला."

सगळ्या थांबल्या. दारात मुकादम येऊन उभा होता, खुर्ची न्यायला. तोही थांबला. सुतळीचं बोट जागचं हललं नाही. मग तिनं श्वास घेतला आणि तो शब्द अख्खाच्या अख्खा खोलीत आला, आणि पाठोपाठ उरलेलं वाक्यही.

मुकादम आत आला. खुर्चीच्या पाठीला धरून त्यानं ती उचलली, एक पाऊल पुढे आणली आणि सुतळीच्या मागं ठेवली.

"बसून वाच," तो म्हणाला. "आणि जरा मोठ्यानं. दारापर्यंत ऐकू येत नाही."

बोट ओळीवरून न उचलता सुतळी बसली.