प्लास्टिकच्या आतला नंबर

आमच्याकडे महत्त्वाचा कागद उघडा ठेवत नाहीत. माझ्या लग्नाचा दाखला, पोरांचे जन्मदाखले, सगळं लॅमिनेट केलेलं. आमच्या कावालू गावाच्या दमट हवेत कागद दोन वर्षांत भुगा होतो. मी तिसरीपर्यंतच शिकले, पण एवढं कळतं.

म्हणून भरतकामाच्या नक्ष्या काढायचं सॉफ्टवेअर घेतलं, तेव्हा दुकानदारानं दिलेलं परवान्याचं कार्ड मी त्याच दिवशी लॅमिनेट करून भिंतीवर टांगलं. गल्लीत अस्सल घेणारी मी एकटी, आणि ते मी सगळ्यांना ऐकवलेलंही आहे.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी जकार्ताहून तिउरबाई तपासणीला आली. तिच्या कंपनीला वर्षभर गणवेशांवर नक्षी हवी होती. सॉफ्टवेअर अस्सल असल्याचं दाखवलं तरच काम. नाहीतर मला माझ्याकडे कामाला असलेल्या चार बायकांना घरी बसवावं लागणार होतं.

मी कार्ड तिच्यापुढे ठेवलं. "घ्या, डोळे भरून बघा."

तिनं ते उलटून पाहिलं. "इबू," ती म्हणाली; मोठ्या बाईला आमच्याकडे असंच म्हणतात. "ही चंदेरी पट्टी खरवडलेलीच नाही. नंबर तिच्याखाली असतो. मग कॉम्प्युटरला कुठला नंबर दिलात?"

मी जावयाकडे पाहिलं. कॉम्प्युटर तोच बघतो. इवांग पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

"एमा," तो म्हणाला; मला तो आईच म्हणतो. "नंबर प्लास्टिकच्या आत राहिला."

"मग कापायचं होतं."

"तुमचं लॅमिनेशन? मागे दाखल्याचा एक कोपरा कापला, तर आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हतात."

"तो आठवडा तुझा सुखाचा गेला. पुढे सांग."

"मित्रानं एक फाइल दिली. तिला नंबर लागत नाही."

म्हणजे आठ महिने अस्सल भिंतीवर आणि चोरीचं मशीनवर. आणि मी गल्लीभर तोंड वर करून फिरत होते.

तिउरबाईनं ती फाइल उघडून दाखवली. बनवणारा कोण, तर कॉम्प्युटरवर आलं 'अज्ञात'. "खऱ्या फाइलवर इथे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचं नाव येतं," ती म्हणाली. "विकत घेतलंत, पण वापरलं नाहीत. मी काय लिहू?"

इवांग माझ्या कानाशी आला. "कालच बिघडलं म्हणून हे घातलं, असं सांगू या."

"तू बाजूला हो." मी दोरे कापायची कात्री घेतली, प्लास्टिक कापलं, नखानं पट्टी खरवडली. "बाई, झालं तसंच लिहा. आठ महिने नकली, आजपासून अस्सल. चूक जावयाची, आणि त्याला इतकं भ्यायला लावणारी मी. दोन्ही लिहा."

तिनं लिहिलं. जुनं काढायला लावलं, सॉफ्टवेअर कंपनीच्या वेबसाइटवरून नवं डाउनलोड करायला लावलं. या वेळी कंपनीचं नाव आलं. नंबर घातला, तो पहिल्यांदाच वापरला जातोय, असं उत्तर आलं.

"नकलीवर काढलेल्या नक्ष्या मला चालणार नाहीत," ती उठता उठता म्हणाली. "सगळ्या पुन्हा काढा. महिन्यानं येऊन बघते, मग ठरवू."

एकशेचाळीस नक्ष्या. इवांगनं महिनाभर मान वर केली नाही. चहासुद्धा मी जागेवर नेऊन दिला. परवा तिउरबाईनं एकेक फाइल उघडून पाहिली आणि करारावर सही केली. चारही बायका तिथेच मशीनवर होत्या.

ती गेल्यावर इवांगनं कराराचा कागद उचलला. "एमा, हा लॅमिनेट करून आणू?"

"आण. पण आधी मागची बाजू वाच."