पाच फेऱ्यांचा महाराज

सोनपेठच्या अलीकडं लिंबाच्या पाराभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. पारावर भागवत महाराज, मागं पाटी: 'साप चावलेले तीनशे वाचले, मेला एक नाही'. अट एकच. चावलेल्यानं आपल्या पायांनी पाराला पाच फेऱ्या घालायच्या.

दहावीतल्या चंदाच्या रुख्मिणीकाकूला उसात साप चावला होता. चंदा दवाखान्याचा हट्ट धरून बसली, पण सितारामकाका ऐकेनात.

"दवाखान्यात लोकं मरायलेत. इथं एक तरी मेलंय का?"

"विषाला मी नावानं हाक मारतो," महाराज पान चघळत म्हणाले. "ते लाजून उतरतं."

चंदाला किळस आली. विष लाजतं म्हणे, आणि हा लाजत नाही.

दुसऱ्या फेरीत काकूच्या पापण्या मिटायला लागल्या. ती मटकन बसली.

"फेऱ्या मोडल्या," महाराजांचा चेला सराईतपणे म्हणाला. "न्या हिला दवाखान्यात." पाराशी उभ्या महाराजांच्या जीपचं तोंड आधीच रस्त्याकडं होतं.

दवाखान्यात काकू चौथ्या दिवशी बोलली. तेव्हा चंदानं डॉक्टर त्रिवेणी मॅडमना गाठलं.

"तुमच्याकडं म्हातारे जास्त येतात का, म्हणून मरतात?"

"वय दोन्हीकडं सारखंच गं. आला तेव्हा कसा होता, ते विचार."

"चालत, डोळे उघडे ठेवून आलेले किती गेले?"

"तीन वर्षांत एकही नाही. बहुतेकांना बिनविषारीच चावलेला असतो. गेले ते पडलेलेच आले होते. निम्मे त्या पारावरून."

पुढच्या सोमवारी महाराज सांगत होते, "रुख्मिणीबाईला माझ्या दीड फेरीनं तारलं."

गर्दीतून काकूच पुढं आली. "अन् मी मेले असते, तर ते मरण कुणाच्या नावावर घातलं असतं, महाराज?"



चंदा पारावर चढली. "काका, बैलाला जोड कशी लावता?"

"दाताला दात, उंचीला उंची," सितारामकाका पुटपुटले. "बळ बघतो. रंग न्हाई."

"मग माणसाला का न्हाई? धडधाकट हे ठेवून घेतात, पडलेले दवाखान्याला देतात, अन् वर पाटी लावतात. फेऱ्या इलाज न्हाईत, चाळणी हाय. चालत्याची जोड चालत्याशी लावा, पडलेल्याची पडलेल्याशी, मग मोजा कुठं किती वाचले. अन् साप चावला की चालता येवो न येवो, एक पाऊल न टाकता, उचलून थेट दवाखाना."

सितारामकाकांनी पाटी उचलून उपडी ठेवली आणि तिच्यावर काकूला बसवलं.