पाव आटा

"फुटला तर माझ्या नावाने खडे फोडायचे नाहीत, आजी," प्लंबर म्हणाला आणि त्याने पाना परत पिशवीत टाकला.

आईच्या बाथरूममधला शॉवर तीन आठवडे गळत होता. काम तसं दहा मिनिटांचं. शॉवरच्या नळातला झिजलेला वायसर काढायचा, नवा घालायचा. पण त्याआधी पाणी थांबवायला हवं, आणि पाणी थांबवायचा भिंतीतला पितळी कॉक अकरा वर्षांत कुणी फिरवलाच नव्हता. तो तिथेच जाम होऊन बसला होता. जोर लावला तर पाइपासकट पिळवटून हातात येईल, असं प्लंबरचं म्हणणं.

"त्यापेक्षा गच्चीवरचा मेन कॉक बंद करा. दोन-तीन तास बिल्डिंगला पाणी नसेल, एवढंच."

"तळमजल्यावर सहा दिवसांची बाळंतीण आहे," आई म्हणाली. "तिचं पाणी तोडायचं नाही."

"मग भिंत फोडा," असं म्हणून तो गेला.

मी त्या रविवारी वेगळ्याच कामासाठी आलो होतो. आई बहात्तर वर्षांची, तिसऱ्या मजल्यावर एकटी. घर विकून तिने आमच्याकडे यावं असं मी आणि बायकोने ठरवलं होतं. तिला ते सांगायचं मात्र राहिलं होतं. गळका शॉवर माझ्या पथ्यावरच पडला होता.

"बघ आई, असल्या भानगडी एकटीने निस्तरत बसायचं म्हणजे..."

"पातेलंभर पाणी तापव," ती म्हणाली. "आणि कपाटातून जुना पंचा आण."

आई चौतीस वर्षं एका हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. घरात आम्हाला तिच्या नोकरीबद्दल ठाऊक होतं ते इतकंच, की ती उशिरा येते, अंगाला स्पिरिटचा वास असतो आणि जेवता जेवता तिला डुलकी लागते. वडील थट्टेने म्हणायचे, "डॉक्टर कापतात, ही चमचे पुढे करते." आम्ही हसायचो. तीही हसायची.

मी पाणी घेऊन आलो तेव्हा ती कोपरापर्यंत साबण लावून हात धूत होती. एकेक बोट, बोटांच्या बेचक्या, नखं. मग तिने स्टुलावर धुतलेला नॅपकिन अंथरला आणि वडिलांच्या जुन्या डब्यातली हत्यारं त्यावर ओळीने मांडली. छोटा पाना, मोठा पाना, पकड, स्क्रू ड्रायव्हर, नवा वायसर. सुई काढलेल्या सिरिंजमध्ये तिने गंज सुटायचं तेल ओढलं आणि कॉकच्या दांड्याभोवती थेंब थेंब सोडलं. त्यावर गरम पाण्यात पिळलेला पंचा गुंडाळला.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"आमच्याकडे भांडी वाफेवर निर्जंतुक करायचं यंत्र होतं. त्याचा कॉक सारखा बसायचा. मेकॅनिकची वाट बघत बसलो असतो तर पेशंट टेबलावरच राहिला असता."

बाथरूमच्या उंबऱ्यावर ती पाट घेऊन बसली. तेल मुरायला वेळ लागणार होता. पंचा गार झाला की मी नवा पिळून देत होतो. शॉवर गळतच होता.

"एकदा डॉक्टरांनी मला सगळ्यांसमोर बाहेर व्हायला सांगितलं होतं," ती एकदम म्हणाली. "पोट शिवायला सुई मागत होते. मी देईना."

"का?"

"रक्त टिपायच्या गॉजच्या घड्या मोजल्या, एक कमी भरली. ते म्हणाले, तुझी मोजदाद चुकली. मी म्हटलं, पुन्हा मोजते. पुन्हा एक कमी. भूल देणारे डॉक्टर ओरडायला लागले की पेशंट फार वेळ तग धरणार नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, सुई दे नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. मी सुई मुठीत धरून उभी राहिले."

"मग?"

"मग त्यांनी पुन्हा आत हात घातला. यकृताच्या मागे होती घडी." तिने पंचा चाचपला. "हा गार झाला बघ."

"आणि तो पेशंट?"

"शाळेत शिपाई होता कुठल्याशा. दहा दिवसांनी घरी गेला."

"त्याला कळलं?"

"त्याला कशाला सांगायचं? बरा होऊन गेला की."

मी पंचा पिळायचा विसरलो. हे कधी घडलं असेल? कदाचित मी दारात उभा राहून, आज पुन्हा का उशीर केलास म्हणून हिच्यावर चिडलो होतो, त्याच संध्याकाळी. ती तेव्हाही काही बोलली नसेल. हातपाय धुऊन कणीक मळायला बसली असेल.

तासाभराने ती उठली. डावा तळवा तिने पाइपावर ठेवला, नाडी बघावी तसा, आणि उजवा हात माझ्याकडे न बघता मागे पसरला.

"छोटा पाना."

मी तो तिच्या तळव्यावर ठेवला.

"असा नाही. मूठ माझ्याकडे. आणि जरा ठासून दे, म्हणजे हाताला कळतं."

मी पुन्हा दिला, ठासून. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या हातात हत्यारं देणाऱ्या त्या बाईला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी हत्यार देत होतं.

तिने दांड्याभोवतीचा नट केसभर सैल केला. मग कॉक आधी उघडायच्या बाजूला ढकलला. काही झालं नाही. पुन्हा तेल. पुन्हा उघडायच्या बाजूला, मग बंद करायच्या. हात कुठेही हिसका मारत नव्हता. मी भिंतीतल्या पाइपाकडे बघत होतो. तिथे चीर गेली असती तर बाळंतिणीसकट सगळ्यांचं पाणी बंद करावं लागलं असतं. हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. तिच्या कपाळावर घाम होता. न सांगता मी तो नॅपकिनच्या टोकाने टिपला. तिने नुसती मान हलवली, जणू हे रोजचंच.

कॉकमधून किरकिर आली.

"पाव आटा फिरला," ती म्हणाली.

पाव आटा पुढे, तितकाच मागे. मग अर्धा. कॉकच्या तोंडातून तपकिरी पाणी झिरपलं. ती थांबली, तळव्याने ऐकत राहिली, पुन्हा सुरू झाली. किती वेळ गेला कोण जाणे. एकदम कॉक मऊ झाल्यासारखा फिरला, फिरत गेला, आणि शॉवरमधून शेवटचा थेंब पडून थांबला.

मी मोठ्याने ओरडलो. ती नाही.

"अर्धंच झालंय. मोठा पाना."

जुना वायसर चिरा पडून दगडासारखा झाला होता. नवा बसवण्याआधी तिने मला नॅपकिनवरच्या वस्तू मोजायला लावल्या. दोन स्क्रू, एक नट, एक जुना वायसर. मोजदाद पुरी भरली तेव्हाच तिने नवा वायसर घालून नळ पुन्हा जोडला आणि कॉक उघडला. शॉवर गळला नाही. सगळं आवरून तिने पुन्हा हात धुतले, तसेच, कोपरापर्यंत.

मी चहा केला. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसलो.

"बोल आता," ती म्हणाली. "सकाळपासून काहीतरी बोलायचंय तुला."

"काही नाही गं. सहज आलो होतो."

तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग कप उचलला. कप बशीवर किणकिणला, थोडा चहा सांडला. तिचा हात थरथरत होता, मनगटापासून बोटांपर्यंत. तिने कप खाली ठेवला, हात मांडीवर घेऊन दुसऱ्या हाताने घट्ट धरला आणि शांतपणे तो थांबायची वाट बघत राहिली.

मी उठून खिडकी उघडली आणि समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींकडे बराच वेळ बघत उभा राहिलो. मागे कप उचलल्याचा आवाज आला. या वेळी तो किणकिणला नाही. तिने दोन्ही हातांनी धरला असावा.