श्रावणातला नुस्तेकार

माझ्या नवऱ्याच्या, सगुणच्या, फोनवर दिवसातून दहा वेळा ‘बाबलो नुस्तेकार, मांद्रे’ असं नाव चमकायचं. मासेवाल्याचा मेसेज आला की हा गालातल्या गालात हसत परसात जायचा आणि परत येऊन मला सांगायचा, “ताजे बांगडे आलेत म्हणतो.” मीही खुळी, विश्वास ठेवला.

मग श्रावण लागला. आमच्या सर्वण गावच्या घरात गणपतीचं विसर्जन होईपर्यंत माशाचं कोणी नाव काढत नाही. बाबलोचे मेसेज मात्र दुप्पट झाले! एका सोमवारी फोन वाजला आणि मी झडप घालून तो उचलला. ‘जेवलास का रे राजा? तुझ्याशिवाय घास उतरत नाही.’ खाली तीन लाल बदाम.

“बाबलो बराच हळवा दिसतो,” मी म्हटलं.

“गिऱ्हाईक सांभाळावं लागतं गो त्याला,” सगुण पुटपुटला.

“श्रावणात? अहो, खोटंच बोलायचं होतं तर भाजीवाला तरी म्हणायचं!”

मग सगळं बाहेर पडलं. फेसबुकवरची कोणी बाई होती. भेट नाही, नुसत्याच गोड गप्पा, असं शपथेवर सांगितलं. मी त्याला माझ्यासमोर ते नाव पुसून टाकायला लावलं.

गणपती पोचवले. दुसऱ्या दिवशी घरात इसवण माशाचं हुमण, म्हणजे नारळाच्या रसातलं कालवण, शिजलं, तुकड्या तळल्या. सगुण सगळ्यांच्या आधी पाटावर येऊन बसला. मी त्याच्या ताटात दुधीची भाजी वाढली.

“आणि नुस्तं?”

“तुमचा बाबलो घेऊन आला की वाढते,” मी म्हटलं आणि सगळ्यात मोठी तुकडी सासूबाईंच्या ताटात घातली.