कोरिमदिकचा रुमाल

तोर्गिनने वाकवलेली बारीक तार मुलीच्या पापणीवर टेकवली आणि हलकेच वर दाबली. पापणीवर एक घडी उमटली आणि डोळा एकदम मोठा दिसू लागला.

"असा दिसेल," ती म्हणाली आणि दुसऱ्या हाताने आरसा पुढे केला. "मिचकावू नकोस, नाहीतर घडी जाईल."

मुलगी श्वास रोखून आरशात बघत राहिली. आयझादा तिचं नाव, नुकतीच कॉलेजात गेलेली. शेजारच्या खुर्चीत तिची आई मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती. बोलत होती ती आईच.

"दुखेल का हो फार?"

"भूल देतात. सुई टोचताना जाणवतं तेवढंच."

"आणि टाके?"

"आठवड्यानं काढतात."

"डाग राहील का?"

"घडीतच लपतो. डोळे मिटले तरच दिसतो, आणि तोही पुढे विरून जातो."

"लोकांना कळेल?"

तोर्गिन हसली. अल्माटीच्या या दवाखान्यात पापण्यांची शस्त्रक्रिया समजावून सांगताना ती कितीतरी वर्षं हीच उत्तरं देत होती. माणसं बदलायची, प्रश्न तेच असायचे. आधी दुखण्याचा, मग डागाचा, मग हा. आपण सुंदर दिसतो असं सगळ्यांनी म्हणावं, पण कशामुळे ते कुणालाही कळू नये, एवढीच सगळ्यांची अपेक्षा असायची. मोठी नव्हती, पण पुरी करायला अवघड होती.

"रडलं तर चालतं का?" आयझादाने अचानक विचारलं.

"पहिला महिनाभर टाळायचं. सूज वाढते."

"आणि मला नाही आवडलं तर? परत आधीसारखं करता येतं?"

"गप गं," आई म्हणाली. "आधीच कशाला भलतंसलतं बोलतेस?"

"विचारू दे की," तोर्गिन म्हणाली. तार बशीत ठेवून तिने नेहमीचं उत्तर सुरू केलं. "दोन पद्धती आहेत. नुसत्या टाक्यांनी घडी बसवली, तर वेळेत आलात की टाके सोडवता येतात. कापून केलं तर नाही. काढलेली कातडी परत लावता येत नाही."

हे वाक्य तिने वर्षानुवर्षं न अडखळता म्हटलं होतं. अलीकडे मात्र शेवटच्या शब्दांवर तिची जीभ जड व्हायची.

"तुम्ही केलंय का हो?" आईने विचारलं.

"हो. कापून. डोळ्याचा आतला कोपराही उघडून घेतला."

बाई खुर्चीतून वाकून अगदी जवळ आली आणि दुकानातलं कापड पारखावं तशी तिच्या डोळ्यांकडे बघत राहिली. "अगंबाई, कळतसुद्धा नाही! जन्मापासूनचे वाटतात." तिने पर्स उघडली. तिचं ठरलं होतं.

याच प्रश्नापायी सगळं झालं होतं. आधी तोर्गिन "अजून नाही" असं उत्तर द्यायची, आणि समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर लगेच शंका उमटायची. स्वतःची मिठाई न खाणाऱ्या मिठाईवाल्याकडे गिऱ्हाईक बघतं, तशी. डॉक्टरांनी दोनदा सहज म्हणून सुचवलं. पण नुसतं नोकरीसाठी केलं असं म्हणणं खोटं ठरलं असतं. तिचे डोळे बारीक आणि जड होते, फोटोत ती कायम झोपेतून उठल्यासारखी दिसायची. कुठे जावं तर कुणीतरी विचारायचंच, "बरं नाही का?" तिलाही कंटाळा आला होता. उन्हाळा सरता सरता ती त्याच दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या टेबलावर आडवी झाली.

टाके निघाले त्या दिवशी स्वागतकक्षातल्या सौलेने तिच्या हातात एक चॉकलेट कोंबलं. "घे बाई, कोरिमदिक!" नवी सून असो, नवं मूल असो की नवी गाडी, पहिल्यांदा पाहिली की पाहणाऱ्याने काहीतरी हातावर ठेवायचं, ही त्यांच्या कझाक लोकांची रीत. त्या भेटीला म्हणायचं कोरिमदिक. दोघी खूप हसल्या. तोर्गिनने चॉकलेट तिथेच खाल्लं आणि कितीतरी वेळ ती आरशासमोरून हलली नाही. चेहरा तिला मनापासून आवडला होता.

घरी जाताना बसच्या काचेत तो चेहरा पुन्हा दिसला तेव्हा तिला आपा आठवली.

आपा म्हणजे तिच्या वडिलांची आई. पहिलं नातवंड आजीआजोबांचं, या रिवाजाप्रमाणे तोर्गिन तान्ही असतानाच आपाच्या कुशीत गेली आणि तिलाच आई समजून वाढली. ती चार वर्षांची असताना तिचे वडील, कायसार, बर्फात ट्रक घेऊन कोर्दाईचा घाट उतरत होते, ते घरी आलेच नाहीत. त्यांचे फोटोही धड नव्हते. लष्करातला होता तो पुसट झालेला, आणि लग्नातल्या फोटोत ते नेमके मान वळवून कुणाशी तरी बोलत होते. पण फोटोंवाचून कुणाचं अडलं नाही. गावात सगळे म्हणायचे, फोटो कशाला हवा, कायसारचे डोळे घरात हिंडताहेत.

आपाची एक सवय होती. ती तोर्गिनला समोर बसवायची, तिचं नाक आणि तोंड तळहाताने झाकायची आणि म्हणायची, "हं, हस आता." तोर्गिन हसली की डोळ्यांच्या दोन रेघा व्हायच्या, डावी किंचित जास्त तिरपी. आपा त्या रेघांकडे बघत राहायची. मग हात काढून म्हणायची, "बस्स. भेटला."

तोर्गिन शहरात आल्यावर तोच कार्यक्रम फोनवर होऊ लागला. आपाला चित्राचाच, म्हणजे व्हिडिओचा, फोन लागायचा. "तोंड दाखव गं, शिंगरा माझ्या. हातानं झाक आणि हस." शिंगरू म्हणजे ती, अजूनही, पस्तिशी ओलांडली तरी. शस्त्रक्रियेनंतर मात्र तोर्गिनने फोनचा कॅमेरा बिघडल्याचं सांगितलं. मग नेट चालत नाही म्हणाली. मग पुन्हा कॅमेरा. आपा म्हणायची, "एवढ्या मोठ्या शहरात फोन दुरुस्त करणारा एक माणूस मिळत नाही तुला?"

पण काकाच्या मुलाचं, अल्दियारचं लग्न ठरलं, आणि त्यावर कुठलाही बहाणा चालण्यासारखा नव्हता.

ती मुद्दामच उशिरा पोचली. अंगणात सुनेचा चेहरा उघडण्याचा विधी सुरू झाला होता. सून लाल आडपडद्याआड मान खाली घालून उभी होती, आणि गाणारा दोन तारांचा दोम्ब्रा छेडत सासरच्या एकेका माणसाचं नाव घेत होता. कुणाचा हात सैल, कुणाची जीभ सैल, सगळं गाण्यातून सांगत होता, आणि लोक खिदळत होते. ज्याचं नाव येई त्याला सून वाकून नमस्कार करी, तो पुढे होऊन कोरिमदिक देई. तोर्गिन पाठीमागच्या बायकांत जाऊन उभी राहिली.

"अगं बया, ही आमची तोर्गिन ना?" काकूने तिला ओढून जवळ घेतलं. "बघा गं बघा, सिनेमातली नटी झालीय! कुठल्या डॉक्टरकडे केलंस? माझ्या गळ्याचं काही करतो का तो?"

बायका गोळा झाल्या. दुखलं का, डाग कुठाय, झोपताना मिटतात का. तोर्गिन हसत उत्तरं देत होती, पण तिचं लक्ष पुढच्या खुर्चीकडे होतं. तिथे आपा ताठ बसली होती. या वयातही चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवणारी आपा.

गाणाऱ्याने तिचं नाव सर्वांत आदराने घेतलं. आपा उठली आणि झालर लावलेला पांढरा रेशमी रुमाल तिने सुनेच्या खांद्यावर टाकला. दोम्ब्राच्या दांडीने पडदा वर सरकला. आपाने सुनेची हनुवटी धरून चेहरा डोळे भरून पाहिला आणि आशीर्वाद दिला. आशीर्वाद पोचल्याची खूण म्हणून सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले.

पंगती बसल्या, तेव्हा आपा आतल्या खोलीत चहाच्या सामोवारपाशी एकटीच होती. तोर्गिन तिच्यासमोर जाऊन गुडघ्यांवर बसली. आपाने नेहमीसारखं आधी तिचं डोकं जवळ ओढलं आणि कपाळाचा खोल वास घेतला.

"आलं माझं शिंगरू," ती म्हणाली. मग तिला थोडं दूर धरून बघितलं.

तोर्गिनने खूप तयारी केली होती. आपा ओरडली, तर नोकरीचं सांगायचं. रडली, तर पापण्या जड होत होत्या, त्रास व्हायचा, म्हणायचं. शेजारणींचे दाखलेही तिच्याकडे तयार होते. आपाने यातलं काहीच केलं नाही. तिने तळहात उचलला आणि तोर्गिनचं नाक आणि तोंड झाकलं.

"हस."

तोर्गिन हसली. डोळे उघडेच राहिले, मोठे, रेखीव, जसे बसवले होते तसे. आपाने हात थोडा वर घेतला, थोडा खाली घेतला. उजेड नीट पडावा म्हणून तिची मान खिडकीकडे वळवली. "अजून हस बघू," ती म्हणाली. तोर्गिनने प्रयत्न केला. त्या हाताला चहाचा आणि कणकेचा वास येत होता, लहानपणापासूनचा. तो हात लवकर निघावा असं तिला वाटत होतं, आणि निघूच नये असंही.

शेवटी आपाने तो काढला आणि मांडीवर ठेवला.

"छान केलंय," ती म्हणाली. "डॉक्टरचा हात चांगला आहे."

तोर्गिन मांडीवरच्या त्या हाताकडे बघत होती.

"दुखलं का?"

"नाही आपा. भूल देतात."

"झोपेत मिटतात ना नीट?"

"मिटतात."

"रडलं तर?"

"महिनाभर नाही चालत. आता चालतं."

आपाने मान हलवली. परत आधीसारखं करता येतं का, हा प्रश्न आता येईल म्हणून तोर्गिन थांबली. त्याचं उत्तर तिच्या ओठांवर होतं, शब्दन् शब्द. आपाने तो विचारला नाही. गुडघ्यावर हात टेकून ती उठली, भिंतीजवळची पेटी उघडली आणि आतून झालरीचा पांढरा रुमाल काढला, सुनेला दिला होता तसाच.

"घे."

"हे काय, आपा? मी काय सून आहे?"

"पहिल्यांदा पाहतेय ना," आपा म्हणाली. "रिकाम्या हातानं कसं पाहू?"

त्या आवाजात टोमणा असेल म्हणून तोर्गिनने कान देऊन ऐकलं. टोमणा असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं, पाया पडता आलं असतं. पण आपा साधंच बोलली होती, अंगणात सुनेशी बोलली तसंच. कोरिमदिक नाकारत नाहीत. तोर्गिनने दोन्ही हातांनी रुमाल घेतला आणि त्यातच तोंड खुपसून ती रडली. आपाने तिच्या पाठीवरून हात फिरवला, दुसऱ्या हाताने पेल्यात थोडा चहा ओतला, दूध घातलं, आणि तिचं रडणं थांबेपर्यंत पेला हातात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी निघताना गाडीपर्यंत पोचवायला आपा आली. तळलेल्या बौर्साकांची पिशवी तिने खिडकीतून आत दिली. घाटात सावकाश चालव असं चालकाला बजावलं, ओळख असो नसो, दरवेळी प्रत्येक चालकाला बजावायची तसं.

"पोचलीस की फोन कर."

"करते, आपा." तोर्गिनने डोक्याला बांधलेला रुमाल सारखा केला. "कॅमेरा दुरुस्त झालाय आता. रोज तोंड दाखवीन."

आपाने खिडकीच्या काचेवरची धूळ बाहीने पुसली.

"नको गं, शिंगरा," ती म्हणाली. "चित्राचा नको. नुसता बोलायचा कर."

"बरं," तोर्गिन म्हणाली, आणि चालकाने गाडी सुरू केली.